तलावाच्या पाळीवरचं भिरभिरं: काम चांगलं, पण वांदरांचं आधी पाहा

पोळ्याच्या वर्गणीतले उरलेले अन् पुण्या-मुंबईच्या पोरांनी पाठवलेले पैसे जमवून आम्ही गावच्या तलावाच्या पाळीवर वाऱ्यावर फिरणारं स्टीलचं शिल्प बसवून घेतलं, दोन पावसाळे झाले त्याला, म्हणून आता लिहून टाकतो. शिल्प म्हटलं की आपल्याकडे पुतळाच, त्यामुळे ग्रामसभेत पहिला प्रश्न आला, कोणाचा पुतळा आहे जी? कोणाचाच नाही, भिरभिरं आहे म्हटल्यावर म्हातारे म्हणे एवढ्यात बैलजोडी आली असती. आली असती, खोटं काय बोलायचं.

मी मात्र २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची ज्योत टीव्हीवर पाहिली होती, तिच्यासोबत अँथनी हाऊ नावाच्या अमेरिकन शिल्पकाराचं फिरतं चक्र होतं, ते डोक्यातून जातच नव्हतं. आमच्या शिल्पकार भाऊंचं काम त्याच जातीचं. एका दांड्यावर वाट्यांची दोन चक्रं, एक उजवीकडे फिरते, एक डावीकडे, अन् पाहणाऱ्याले वाटते फूल उमलून राह्यलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की भाऊंनी वेल्डिंग मशीन आणायच्या आधी बांबू आणले. आम्ही जागा दाखवली होती ग्रामपंचायतीसमोर. त्यांनी तीन ठिकाणी बांबूला चिंध्या बांधून आठ दिवस ठेवल्या, तर ग्रामपंचायतीपुढची चिंधी नुसती भांबावल्यासारखी इकडेतिकडे अन् पाळीवरची सरळ ताठ. वारा अर्धा झाला की त्याची ताकद आठवा हिस्साच उरते म्हणे, म्हणजे जागा चुकली की खांबच पाहात बसा. आमच्या आबाजीले हे समजवावं नाही लागलं, ते म्हणाले खळं काय कोणी घराच्या आडोशाले करते काय बाप्पा!

प्रत्येक वाटीमागे वजन देऊन तोल साधलाय, त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यात पिंपळाचं पान जेमतेम हलते तेवढ्यातही हे सरकते. उन्हाळ्याच्या वावटळीत मला धाकधूक होती पण नट पण ढिला झाला नाही.

आता तक्रारी. एवढा उंच लोखंडी खांब अन् अर्थिंगच नाही, विजा आपल्याकडे किती पडतात सगळ्यांना माहीत, शेवटी आमच्या वायरमनने आठवण दिली तेव्हा खड्डा खोदून पट्टी टाकली. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की उडालेला कापूस दांड्याला गुंडाळतो अन् कुईंकुईं चालू, बेरिंग सीलबंद असली तरी महिन्यातून एकदा पुसावंच लागते, हे आधी सांगायले पाहिजे होतं. अन् एक वांदर लोंबकळून चक्राचा एक हात वाकवून गेला, तर भाऊंनी तीन आठवडे फोनच नाही उचलला. आले तेव्हा मात्र फुकटात सरळ करून दिलं.

पाचपैकी चार. तुम्ही बसवणार असाल तर जवळच्या बाभळीच्या फांद्या आधी छाटून घ्या, वांदर तिथूनच उडी मारते.