बर्क की पेन?
फ्रेंच राज्यक्रांतीकडे पाहण्याच्या दोन परस्परविरोधी दृष्टी इंग्लंडमध्ये काही महिन्यांतच स्पष्ट झाल्या: नोव्हेंबर १७९० मध्ये ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांचा क्रांतीवरील टीकाग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १७९१ मध्ये क्रांतीचे समर्थक लेखक टॉमस पेन यांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहून त्याला उत्तर दिले. बर्क यांच्या मते राज्यसंस्था हा मृत, हयात आणि अजून न जन्मलेल्या पिढ्यांमधील करार असल्याने तिची डागडुजी करावी, पण पाया उखडू नये. पेन यांना मात्र मृतांनी जिवंतांवर सत्ता गाजवणे हाच जुलूम वाटत होता. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी हळहळणाऱ्या बर्क यांना त्यांनी टोला हाणला की, यांना पिसाऱ्याची कीव येते, मरणाऱ्या पक्ष्याचा मात्र विसर पडतो.

भाकितात बर्क सरस ठरले, हे मान्यच करावे लागते. अखेरीस एखादा लोकप्रिय सेनानी सत्ता हाती घेईल, हे त्यांनी नेपोलियनने सत्ता घेण्याच्या नऊ वर्षे आधी लिहिले होते. राजा सोळाव्या लुईच्या देहदंडाला विरोध करणारे पेन तर डिसेंबर १७९३ मध्ये पॅरिसच्या तुरुंगातच जाऊन पडले. तरीही, ज्याच्या मानेवर परंपरेचेच जोखड आहे, त्याला बर्क काय देणार? जोतीराव फुले यांच्यावर तरुणपणी प्रभाव पडला तो पेन यांचा, आणि ते मला अगदी स्वाभाविक वाटते.