घरचं गाणं, मोबाईलवरचं गाणं की गाण्याचा क्लास?

गेल्या आठवड्यात भावजयीचा फोन आला. "ताई, सोसायटीतली अडीच-तीन वर्षांची सगळी पोरं गाण्याच्या क्लासला जायला लागलीत. आपल्या पिल्लूलाही घालू का? की मोबाईलवर बालगीतं लागलेली असतात दिवसभर, तेवढं पुरे?" तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

माझी कसोटी एकच आहे. गाणं मुलासाठी थांबतं का?

माझी मुलगी तान्ही असताना तिला तीट लावताना माझी आई गुणगुणायची. मुलगी दीड वर्षाची झाली तशी आईने एक खोडी सुरू केली. ओळीचा शेवटचा शब्द गिळायचा आणि भुवया उंचावून गप्प बसायचं. पोरगी आजीच्या तोंडाकडे टक लावून बघायची, ओठ हलवायची आणि शब्द येत नसला तरी जोरात 'आ!' करून जागा भरून काढायची. मग दोघी खिदळायच्या. आता तुझी पाळी, आता माझी, हे संभाषणाचं पहिलं कौशल्य ती अशी शिकली. पुढे काही महिन्यांनी त्याच जागी अख्खा शब्द आला.

घरच्या गाण्याची जमेची बाजू हीच. वर मांडीचा झोका असतो, पाठीवरचा हात असतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. 14 महिन्यांच्या बाळांना अंगाशी घेऊन तालात उडवलं. समोरची बाई त्याच तालात उडत असेल, तर नंतर तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला ती बाळं जास्त पुढे आली. एका तालात हलल्याने एवढी जवळीक! "माझा आवाज बरा नाही" ही सबब म्हणून मी ऐकत नाही. बाळाला सूर तपासायचा नसतो. चारच गाणी येतात? चालतील, लहान मुलांना तेच तेच हवं असतं. खरी अडचण वेगळीच आहे. संध्याकाळी सात वाजता, ऑफिसातून आल्यावर, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना गायची ताकदच उरत नाही.

तिथे मोबाईल हातात येतो. त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. माँट्रियलच्या संशोधकांनी सात ते दहा महिन्यांच्या बाळांना अनोळखी तुर्की भाषेतलं गाणं ऐकवलं, तेव्हा ती सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. नुसतं लाडिक बोलणं ऐकवलं तेव्हा चारच्या आसपास. आणि ते गाणं रेकॉर्ड केलेलं होतं. म्हणजे शांत करायला रेकॉर्डिंग चालतं. शिकायला मात्र माणूस लागतो. 2003 मध्ये अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसलेल्या माणसाकडून त्यांनी त्या भाषेतले ध्वनी उचलले, व्हिडिओतून किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून नाही. मोबाईल कुणासाठी थांबत नाही, एक गाणं संपायच्या आत पुढचं हजर. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार या वयात दिवसाला फार तर एक तास. म्हणून गाणं लावा, पण स्क्रीन पालथी ठेवा. परदेशातल्या नातवंडांसाठी आजीचा व्हिडिओ कॉल यात मोडत नाही, आजी थांबते. फक्त आवाज मागेपुढे पोचतो, त्यामुळे एकत्र गायला जाऊ नका. एक ओळ आजीची, एक नातवाची.

क्लासमध्ये घरी न मिळणारं एक असतं, बरोबरीची पोरं. झांज एकच आणि हात सहा, तेव्हा वाट बघणं शिकावंच लागतं. पण क्लासची तऱ्हा बाईंवर अवलंबून. आम्ही एके ठिकाणी दोन महिने पैसे भरले. खोलीत पंचवीस मुलं, कानठळ्या बसवणारा स्पीकर आणि पहिल्या दिवसापासून गॅदरिंगच्या नाचाची तालीम. माझी मुलगी कानावर हात ठेवून दाराशी बसायची. आम्ही सोडला.

बुद्धी वाढेल म्हणून घालत असाल, तर थांबा. मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवण्याच्या 1993 च्या ज्या प्रयोगावरून हे खूळ निघालं, तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. हार्वर्डच्या संशोधकांनी 2013 मध्ये चार वर्षांच्या मुलांना सहा आठवडे संगीतवर्ग देऊन पाहिले. बुद्धीवर खात्रीलायक फरक दिसला नाही. आणि गांधर्व महाविद्यालयाच्या 'प्रारंभिक' या संगीताच्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म तर या वयात मनातही आणू नका.

तेव्हा तीनच्या आत क्लासवर पैसे घालू नका, घरी गा. तीन ते पाचमध्ये मुलं कमी असतील आणि पालकांना सोबत बसू देत असतील, तर जरूर घाला. पेटी-तबला सहा-सातनंतर, तेही मुलाने मागितलं तर. आणि मूल आवाजाकडे वळतच नसेल, तर क्लासच्या आधी कानांची तपासणी.

भावजयीने येत्या शनिवारचा डेमो ठरवलाय. तिला म्हटलं, मागे बस आणि बाई ओळ मध्येच सोडून मुलांकडे बघतात का, तेवढं बघून ये.