सांगून घडवून घेतलेली सुरी

गेले आठ महिने मी स्वयंपाकघरात एकच सुरी वापरत आहे. ती एका स्वतंत्र कारागिराकडून माझ्या हाताच्या मापाने करवून घेतली होती. ती कशी कापते, याचे उत्तर दोन शब्दांत संपते: उत्तम कापते. ती घडत असताना त्याची आवड आणि माझी हौस यांची ताणाताणी मात्र बरीच झाली, आणि तिच्या खुणा सुरीवर आजही दिसत असल्यामुळे लिहिण्यासारखे खरे तेच आहे.

माझ्या मागण्या अशा होत्या: पात्यावर लाटांसारखी नक्षी असलेले दमास्कस पोलाद हवे, पण ते गंजता कामा नये; पाते चांगले चार मिलिमीटर जाड हवे, पण कापताना ते जाणवू नये; मुठीला चार बोटांसाठी चार खाचा हव्यात आणि पात्याला आरशासारखी चकाकी हवी. या मागण्या आपसातच भांडत आहेत, हे मला ठाऊक नव्हते. कारागिराने आधी तेच दाखवून दिले. 1973 मध्ये बिल मोरान या अमेरिकन सुरी-कारागिराने अमेरिकेतील एका प्रदर्शनात आपल्या दमास्कस सुऱ्या मांडल्यापासून हे पोलाद हौशी लोकांच्या डोक्यात पुन्हा बसले आहे, मीही त्यांतलाच. मात्र ते सर्रास 1084 आणि 15एन20 या दोन पोलादांचे थर तापवून, ठोकून, एकजीव करून बनवतात. दुसऱ्यात सुमारे दोन टक्के निकेल असल्यामुळे आम्लात बुडवल्यावर ते उजळ राहते, पहिले काळवंडते, आणि नक्षी उठते ती या फरकामुळे. गंज मात्र दोन्हींना चढतो. न गंजणारे दमास्कस मिळतही असते, परंतु दुसऱ्याने घडवलेली पट्टी विकत आणून तिच्यावर आपला शिक्का मारायला हा गृहस्थ तयार नव्हता. हा त्याचा हट्ट होता हे खरे, पण तो त्याने उघडपणे सांगितला, म्हणून मला तो खटकला नाही.

मग त्याने एकच प्रश्न विचारला: काम झाल्यावर सुरी लगेच धुऊन पुसता का? मी खरे उत्तर दिले आणि दमास्कसचा विषय तेथेच मिटला. त्याऐवजी त्याने एईबी-एल हे मुळात दाढीच्या पात्यांसाठी तयार झालेले, सुमारे 13 टक्के क्रोमियमचे स्टेनलेस पोलाद सुचवले. त्याचा कण बारीक असल्याने पातळ धारही त्यात नीट टिकते. कुठेतरी वाचून मी रॉकवेल सी मापावर 64 कठीणपणा मागितला होता. मला कापताना पाते तिरके पिळण्याची सवय आहे असे ऐकल्यावर त्याने पाणी दिल्यानंतरचा ताव, म्हणजे कडक झालेले पाते थोडे नरमवण्यासाठी पुन्हा तापवणे, अशा बेताने ठेवला, की आकडा 61 वर थांबावा. धार थोडी लवकर बोथटली तरी चालेल, तिचे टवके उडता कामा नयेत, असे त्याचे म्हणणे होते. आजवर एकही टवका उडालेला नाही.

जाडीच्या बाबतीत तो अजिबात बधला नाही. पाठ मुठीजवळ अडीच मिलिमीटर आणि टोकाकडे जेमतेम एक, असा उतार त्याने दिला. जाड पाते पाचरीसारखे शिरते आणि कापण्याऐवजी फोडते, हे त्याचे कारण मला गाजर हाती घेतल्यावर पटले. माझ्या जुन्या सुरीखाली गाजर अर्ध्यावर आले की कट्‌कन तडकत असे आणि तुकडा ओट्यावरून उडे. या सुरीखाली आवाजच होत नाही.

या सगळ्या सेवेत मला सर्वांत आवडलेली गोष्ट प्लायवूडच्या एका तुकड्याची आहे. बोटांच्या खाचांना त्याने नकार दिला, पण नुसता वाद घातला नाही. मी कागदावर गिरवून पाठवलेल्या तळव्याच्या मापावरून त्याने अख्ख्या सुरीचा प्लायवूडचा नमुना कापून पाठवला आणि दोन दिवस तो हातात धरून चिरण्याचे नाटक करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी माझे मलाच दिसले, की माझा अंगठा आणि तर्जनी मुठीवर नसतातच. ती दोन्ही पुढे सरकून पात्यालाच चिमटीत धरतात. मुठीवर उरतात तीन बोटे, आणि तीही कामाप्रमाणे मागेपुढे होतात. चार खाचा केल्या असत्या, तर त्या मला रोज टोचल्या असत्या.

चकाकीबाबत त्याने माघार घेतली. ओरखडे दिसतील आणि बटाट्याच्या चकत्या चिकटतील, असे बजावून त्याने पाते आरशासारखे करून दिले. पहिल्याच आठवड्यात दोन्ही गोष्टी झाल्या. हा दोष त्याच्या खाती टाकणे अन्यायाचे होईल.

त्याच्या खाती जाणारा दोष वेगळा आहे. सुरी हाती आली, तेव्हा मुठीचे फिकट लाकूड आणि पात्याचे पोलाद यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाल फायबरची एक बारीक पट्टी होती. ती मी मागितली नव्हती आणि त्यानेही विचारले नव्हते. फिकट लाकडाला उठाव यावा म्हणून घातली, एवढेच उत्तर मिळाले. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या सुऱ्या घडवणाऱ्या कारागिरांच्या संस्थेच्या परीक्षेत सुरीने आधी टांगलेला दोर तोडायचा, लाकूड छाटायचे, मग हातावरचे केस काढून दाखवायचे आणि शेवटी 90 अंशांत वाकूनही मोडायचे नाही, अशी कसोटी असते. देखणेपणा नंतर वेगळ्या सुऱ्यांवर तपासला जातो. जाडी आणि खाचा हे पहिल्या कसोटीतले प्रश्न होते, आणि तेथे त्याचा शब्द चालावा हेच योग्य होते. लाल रेघ कापण्याच्या कामी काडीचीही येत नाही. तिथे फक्त माझ्या डोळ्यांचा प्रश्न होता, आणि नेमके तेथेच मला विचारायचे राहून गेले. दिसायला ती वाईट नाही, पाहुण्यांना तर तीच आधी दिसते आणि आवडतेही. मला मात्र ती अजून परकीच वाटते.

तक्रार केल्यावर त्याने मूठ बदलून देण्याची तयारी लगेच दाखवली. परंतु ती एपॉक्सीने चिकटवून वर पिना ठोकलेली असल्याने काढायची म्हणजे फोडायचीच, आणि हाताला इतकी नीट बसलेली मूठ फोडायला माझे मन झाले नाही. सोलण्यासाठी लहान सुरी मी त्याच्याकडेच सांगितली आहे. या वेळी चकाकी नको, साधे घासलेले पाते चालेल, असे कळवले आहे आणि मुठीतला प्रत्येक थर आधी दाखवावा, असेही.