हातातला जीपीएस पॅनलला जोडायचा: वायरने, वायरलेस, की नुसता क्लॅम्पवर?

एका मित्राने दोन सीटचं मायक्रोलाइट, म्हणजे छोटं हलकं विमान, भागीदारीत घेतलंय, पॅनलमध्ये ईफिसची (स्पीड, उंची, दिशा वगैरे एकत्र दाखवणारी) एक स्क्रीन, एक साधा ऑटोपायलट, आणि त्याच्याकडे आधीपासून गार्मिनचा एरा ६६० हा हातातला जीपीएस आहे. परवा पुण्यात डेक्कनला चहा पिताना विचारतो, हे एकमेकांना जोडू का, आणि जोडायचं तर केबल की ब्लूटूथ? मी म्हटलं ते नंतर, आधी सांग कोणी कोणाचं ऐकायचंय. जीपीएस बोलणार आणि ईफिस-ऑटोपायलट ऐकणार, हा एक प्रकार. पॅनल बोलणार आणि मांडीवरचा टॅबलेट ऐकणार, हा दुसरा. लोक दोन्हीला "कनेक्ट करणं" म्हणतात आणि मग भलतीच वस्तू घेऊन बसतात.

पहिला प्रकार हवा असेल तर सरळ केबल. आरएस-२३२ ही जुनी सिरियल जोडणी, म्हणजे जीपीएसचा टीएक्स (पाठवणारी पिन) ईफिसच्या आरएक्सला (ऐकणारी पिन), ग्राउंड ग्राउंडला, एकाच बाजूने डेटा जाणार असेल तर एवढ्या दोन वायरीत काम होतं. भाषा एनएमईए, म्हणजे जीपीएस डेटाचा ठरलेला फॉरमॅट, स्पीड बहुतेक ४८०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), किंवा मग गार्मिनचा एव्हिएशन फॉरमॅट ९६०० वर. दोन्ही टोकांना सेटिंग एकच पाहिजे, नाहीतर स्क्रीनवर डेटा येतच नाही आणि माणूस उगाच वायरी उपटत बसतो.

यातून मिळतं काय? ऑटोपायलटला ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून विमान प्रत्यक्ष कुठल्या दिशेने चाललंय ते, मिळतो, रूटपासून किती बाजूला गेलोय ते कळतं. पण मला विचाराल तर खरी मजा वाऱ्याची. हवेतला स्पीड आणि नाकाची दिशा ईफिसकडे आधीच असते, जमिनीवरचा स्पीड आणि ट्रॅक जीपीएस देतो, दोन्ही एका ठिकाणी आले की ईफिस स्वतःच वारा काढून कोपऱ्यात बाण दाखवतं. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की तो बाण बघून हेडविंड (समोरचा वारा) किती खातोय ते लगेच समजतं.

विमानाला हात लावायच्या आधी आम्ही हे घरीच टेबलावर करून बघितलं, खिडकीत जीपीएस, यूएसबी-टू-सिरियल केबल, लॅपटॉपवर टर्मिनल उघडलेलं. डॉलरचं चिन्ह आणि जीपीआरएमसीने सुरू होणाऱ्या ओळी दर सेकंदाला धडाधड यायला लागल्या, त्यात १८३० पॉइंट काहीतरी, एन, ०७३५१ पॉइंट काहीतरी, ई. मित्र म्हणाला हे चुकतंय, पुणं तर १८.५ वर आहे ना. चुकत नाहीये, पहिले दोन आकडे डिग्री आणि पुढचे मिनिटं, १८ डिग्री साडेतीस मिनिटं म्हणजेच १८.५१. वेळही साडेपाच तास मागे दिसणार, कारण ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे. ४८०० बॉडला सेकंदाला जेमतेम ४८० अक्षरं जातात आणि एक ओळ ८२ अक्षरांपर्यंत लांब असू शकते, त्यामुळे जीपीएसमधून नको त्या ओळी बंद ठेवा, आरएमसी (जागा, स्पीड, ट्रॅक), आरएमबी (रूटची माहिती) आणि जीजीए (जागा, उंची) एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

(ज्यांना रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला जोडायची खाज आहे त्यांच्यासाठी: तापकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, आधी व्होल्टेज जुळवणारा मॅक्स३२३२ चा छोटा बोर्ड आणा. आरएस-२३२ चं व्होल्टेज प्लस-मायनस दोन्हीकडे जातं, पायच्या पिना फक्त ३.३ व्होल्टच्या, माझी एक पिन अशीच गेली आहे.)

एक गोची मात्र इथेच लक्षात ठेवा. ट्रॅक ट्रू (खऱ्या उत्तरेपासून मोजलेला) आहे की मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेपासून), हे सेटिंग चुकलं तरी पुण्यात ते पकडलं जाणार नाही, कारण आपल्याकडे दोन्हीतला फरक एक डिग्रीच्याही आत आहे. म्हणजे इथे सगळं छान दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका, मेन्यूत जाऊन डोळ्यांनी बघा.

आता वायरलेस. एराला ब्लूटूथ आहे, पण ते मुख्यतः गार्मिनच्याच ॲप आणि उपकरणांशी बोलतं, दुसऱ्या कंपनीचं जुनं ईफिस त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. दुसरा प्रकार हवा असेल, म्हणजे ईफिसच्या वायफायवरून टॅबलेटला पोझिशन आणि ॲटिट्यूड (विमान किती कललंय ते), तर मात्र वायरलेस मस्त, वायरींचा गुंता नाही, उतरताना टॅबलेट बॅगेत. फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये स्वतःचा जीपीएस नसतो, त्यामुळे तिथे तर हे लागतंच. पण ॲपल आयपॅड वापरायला ३५ डिग्रीपर्यंतच सांगतं आणि एप्रिलमधलं पुणं तुम्हाला माहितीये, कॅनोपीखाली तो तापून बंद पडतो. आणखी एक, अमेरिकेतले व्हिडिओ बघून एडीएस-बी रिसीव्हरवर हवामान दिसावं म्हणून जादा पैसे मोजू नका, ते जमिनीवरून होणारं एफआयएस-बी नावाचं प्रसारण तिकडचं आहे, इथे काही येणार नाही. ऑटोपायलटला ब्लूटूथवर सोडणं मला तरी पटत नाही.

तिसरा पर्याय, काहीच जोडू नका, क्लॅम्प लावा आणि बघा. हसू नका. फ्लाइंग क्लबच्या सेसना १७२ सारखं सर्टिफाइड विमान असेल तर हाच पर्याय, कारण तिथे परवानगी आणि एएमईच्या (लायसन्सधारी विमान मेंटेनन्स इंजिनिअरच्या) सहीशिवाय पॅनलमागे एक वायरसुद्धा घालता येत नाही, आणि हातातला जीपीएस तसाही आयएफआरसाठी (बाहेर न बघता उपकरणांवर उडण्यासाठी) चालत नाही, तो फक्त आजूबाजूचं भान ठेवायला. क्लॅम्प लावतानाही होकायंत्राकडे लक्ष ठेवा, टॅबलेटच्या कव्हरमधलं मॅग्नेट जवळ आलं की सुई सरळ फिरते. आणि स्वस्तातला यूएसबी चार्जर लावला की रेडिओत खरखर सुरू होते, चार्जर काढून-लावून एकदा ऐकाच.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखीच: जीपीएसची उंची म्हणजे अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र) नाही. गरम दिवशी वर गेल्यावर अल्टिमीटर खऱ्या उंचीपेक्षा कमी दाखवतो, त्यामुळे दोन आकडे जुळणार नाहीत. तरीही उडायचं अल्टिमीटरवरच, कारण बाकी सगळे त्याच हिशोबाने उडतायत.

मित्राला मी केबल सांगितली, शिल्डेड वायर, क्रिंप केलेल्या पिना, जीपीएसच्या पॉवरला वेगळा फ्यूज. त्याला ते पटलं, फक्त टॅबलेटचा हट्ट अजून सुटलेला नाही, तो त्याने दिवाळीच्या सेलवर ढकललाय.