जुनी आरएक्स १०० घ्यावी की आरएक्स १३५?

यामाहा आरएक्स १०० १९९६ मध्येच बंद झाली, म्हणून भाव चढेच; त्यातले निम्मे पैसे नुसत्या नावाचे. रोज चालवायची असेल तर मी १३५ घेईन. ताकद जास्त, आणि पाच गिअरवाली मिळाली तर हायवेवर इंजिन ओरडत नाही.

१०० घ्यायचीच असेल तर चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. १३५ ला १०० चे स्टिकर लावून खपवणारे आहेत. किक गाडी थंड असतानाच मारा. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर क्रँकचं सील जाऊन गिअरचं ऑइल जळत असण्याची शक्यता मोठी. दोन्हींच्या नोंदणीची पहिली १५ वर्षं कधीच उलटलीत. री-पासिंग (आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण) झालं नसेल तर तो खर्च सौद्यातून वजा करून मागा.