इमगबर्न: जुन्या गेमच्या सीडीसाठी एकदम बेस्ट

माझी 1996च्या क्वेक गेमची सीडी चरे पडून पार गेलेली, ड्राइव्हमध्ये टाकली की नुसती घरघर, म्हणून इमगबर्न या सॉफ्टवेअरने तिची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइलमधली नक्कल, करून घेतली. 2013चं व्हर्जन आहे पण फुकट आणि काम चोख! एक लक्षात ठेवा, या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे 10 म्युझिकचे, आयएसओ या नेहमीच्या इमेज फाइलमध्ये फक्त डेटा येतो, म्हणजे गेम चालतो पण म्युझिक गायब. इमगबर्न अशी डिस्क ओळखून बिन (सीडीवरचं सगळं) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशा दोन फाइल बनवतं. डॉसबॉक्स या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये इमगमाउंट कमांडला ती क्यू फाइल दिली आणि पहिल्याच लेव्हलला तो घुमणारा आवाज सुरू झाला, अंगावर काटा आला राव! इमेज बनवताना खराब सेक्टरवर, म्हणजे वाचता न येणाऱ्या भागावर, बराच वेळ अडकलेलं, सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली तेव्हा झालं.