दुकप्पी बीनबॅग, सात महिन्यांनंतर: कापड उत्तम, चेन खाडीची नव्हे

पक्ष्यांचे फोटो काढताना लेन्स टेकवायला ही दाण्यांनी भरलेली बॅग वापरतात. सात महिन्यांत तिचं कापड विरलं नाही, शिवण उसवली नाही, तळाचं रबर सुटलं नाही. गेली ती चेन. आणि चेन गेलेली भरलेली बीनबॅग म्हणजे तोंड न शिवलेलं पोतं. त्यामुळे पुढचा बराचसा मजकूर चेनबद्दलच आहे, त्याला इलाज नाही.

बॅग तीच, सगळीकडे मिळते ती: खोगिरासारखी दोन कप्प्यांची, पाच लिटरची, हजार डेनियर कापडाची, साडेचौदाशे रुपयांची. वापर नोव्हेंबर ते मे, वर १५०-६०० मिमीची झूम लेन्स आणि कॅमेरा मिळून पावणेतीन किलो वजन. जागा दोन प्रकारच्या. उजनी धरणाचा भिगवणकडचा फुगवटा आणि नांदूर मध्यमेश्वर हे गोडं पाणी. शिवडी, ठाण्याची खाडी आणि अलिबागजवळचा आक्षीचा किनारा हे खारं. हा फरक लक्षात ठेवा, सगळं त्यावरच ठरतं.

विक्रीच्या पानावर या बॅगला पाच तारे देणारे बहुतेक जण जंगलात जीपमधून किंवा धरणाच्या पाण्यावर वापरणारे आहेत. त्यांचं खोटं नाही. गोड्या पाण्यात चार महिने चेन लोण्यासारखी चालली. खाडीच्या तिसऱ्या खेपेनंतर रनर, म्हणजे चेन ओढायचा तुकडा, अडखळायला लागला, पाचव्या खेपेनंतर त्यावर पांढरी भुकटी दिसली, आणि मार्चमध्ये रनर ओढला की मागे दात उघडेच राहायला लागले.

कारण साधं आहे. दात नायलॉनचे आहेत, ते गंजत नाहीत. रनर मात्र जस्ताच्या मिश्रधातूचा, वरून काळा रंग दिलेला. रंगाचा टवका उडाला की मिठाचं पाणी आत शिरतं आणि जस्त खायला लागतं. पांढरी भुकटी ती हीच. त्यात खाडीचा गाळ पिठासारखा बारीक. तो दातांत बसतो, वाळतो, आणि पुढच्या वेळी रनर ओढताना कानशीसारखं काम करतो. रनरची फट रुंदावते, मग तो दात दाबून बसवू शकत नाही. पकडीनं रनर थोडा आवळला तर आठवडा-दोन आठवडे निभावतं, पण गंजलेला रनर पकडीत चिरतो.

विक्रेत्याशी पत्रव्यवहार तीन आठवडे चालला. उत्तर एवढंच की सहा महिन्यांची हमी शिवण आणि कापडावर आहे, चेनवर नाही, आणि बॅग पाठवायची तर कुरिअरचा खर्च आपला. पाण्याकाठी वापरायची बॅग म्हणून विकायची आणि पाण्यानं जो भाग जाणार तोच हमीतून वगळायचा, हे मला मान्य नाही. पाठवायचा खर्च दीडशे रुपये होता. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे १२० रुपयांत चेन बदलून झाली.

त्याला नेमकं काय सांगायचं: दहा नंबरची, जाड प्लॅस्टिक दातांची चेन, रनरसुद्धा प्लॅस्टिकचा. त्याच्याकडे नसेल तर पितळी रनर चालेल. वर कापडाची दोन बोटं रुंद झापड शिवून घ्या. दोरा सुती नको, नायलॉनचा.

चेन गेली नसेल तर ती टिकवायची पद्धत. खाडीहून आल्यावर वाळलेला गाळ ब्रशनं घासू नका. दाणे काढा, रिकामी बॅग गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा, पाण्यातच रनर दहा-बारा वेळा मागेपुढे करा, पाणी बदलून पुन्हा एकदा. सावलीत वाळवा. मग मेणबत्ती दातांवरून घासा. खोबरेल किंवा मशीनचं तेल अजिबात नको, तेलाला गाळ चिकटतो आणि महिन्याचं नुकसान एका खेपेत होतं.

आता आत काय भरायचं. डिसेंबरात माझं मत मुगाच्या बाजूचं होतं. पाच लिटरची बॅग चार लिटरच भरायची, म्हणजे साधारण सव्वातीन किलो मूग. गच्च भरली की लेन्स वर गोल फिरते, रुतून बसत नाही. आणि फार सैल ठेवली तर लेन्स तळाला टेकते. मूग सरकतो छान, वजनही पुरेसं. तांदूळ जास्त घट्ट बसतो, स्थिर फ्रेमला उत्तम, पण पक्ष्यामागे लेन्स वळवताना जड जातो. राजमा भरताना कापलेल्या बाटलीच्या नरसाळ्यात अडकतो, आणि महागही. धान्याचा मोठा फायदा असा की लांबच्या प्रवासाला बॅग रिकामी नेता येते. सव्वातीन किलो तिथल्याच किराणा दुकानातून घ्यायचं, आणि कोरडं राहिलं तर परत येताना कुणाच्या तरी स्वयंपाकघरात द्यायचं.

अडचण शिवणीची. कापड पाणी अडवतं, पण सुईच्या भोकांतून ओल आत येते. नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यात बॅग तासभर ठेवली आणि रात्रभर गाडीत बंद राहिली की मुगाला मोड येतात, तांदूळ आंबतो. कोरडी ठेवली तरी दोन महिन्यांत भुंगा लागतो.

म्हणून जानेवारीत प्लॅस्टिकचा दाणा भरला. सव्वादोन किलोत काम होतं, ओल नाही, कीड नाही, आणि तेव्हा मी हाच सगळ्यांना सुचवत होतो. मार्चमध्ये चेन उघडी राहायला लागल्यावर मत बदललं. मूठभर दाणा खाडीत सांडला तर तो परत गोळा करता येत नाही. तो तरंगतो, गाळात मिसळतो, आणि त्याच गाळातून टिपून चिखल्या आणि तुतवार हे पक्षी पोट भरतात. ज्यांचे फोटो काढायला जायचं त्यांच्या ताटात हे टाकायचं नाही. थर्माकोलच्या गोळ्या तर मुळीच नकोत: चार लिटरला शंभर ग्रॅमही भरत नाहीत, लेन्सखाली दबून महिन्याभरात चपट्या होतात, कॅमेरा उचलला की वाऱ्यानं बॅगच पाण्यात जाते.

सध्याची व्यवस्था अशी: जाड मांजरपाटाच्या दोन पिशव्या, एकेका कप्प्यात बसतील अशा, दाणे भरून तोंड दुहेरी शिवून टाकलेल्या. गोड्या पाण्यावर आत मूग, खाडीवर प्लॅस्टिकचा दाणा. बाहेरची चेन उद्या पूर्ण फाटली तरी काही सांडत नाही. ही आतली पिशवी कंपनीनं द्यायला हवी होती, पन्नास रुपयांचं कापड लागतं.

बॅगचं मूळ काम मात्र ती चोख करते. भिगवणच्या नावेत तळाशी बसून काठावर बॅग टाकली की लेन्स पाण्यापासून फूट-दीड फुटावर येते आणि शेकाट्याच्या लाल डोळ्याच्या जवळपास पातळी मिळते. इंजिन चालू असताना बॅग सगळी थरथर वर पाठवते, तेव्हा नावाड्याला इंजिन बंद करून वल्ह्यावर यायला सांगा. लेन्समधला हादरे सावरणारा स्टॅबिलायझर नावेत चालूच ठेवा. चालत्या पक्ष्याला १/१००० सेकंदाचा शटर पुरतो, उडणाऱ्याला १/२००० च्या खाली जाऊ नका. उन्हातल्या उचाटाला किंवा रोहिताला (फ्लेमिंगोला) एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या, नाहीतर पांढऱ्या पिसांचा तपशील जातो. लोखंडी पाइपचा कठडा असलेल्या बोटीत बॅग घरंगळते. दोन्ही कप्पे खालून पट्ट्यानं बांधा. या बॅगला त्यासाठी कड्या आहेत, ही चांगली गोष्ट.

आक्षीच्या ओल्या वाळूवर आडवं पडायचं असेल तर बॅग एकटी कमी पडते. अ‍ॅल्युमिनियमची परात घ्या, त्यात बॅग ठेवा. परातीची कड वर वळलेली असते, त्यामुळे ती ढकलली की वाळूत रुतत नाही, घसरते, आणि बॅगचा तळ, म्हणजे शिवण, कोरडा राहतो. बाजारात यासाठी हजारांच्या तबकड्या मिळतात. परात तेच काम करते.

खाडीची तारीख ठरवताना बॅगपेक्षा पंचांग जास्त उपयोगी. ओहोटीला शिवडीचा चिखल लांबवर उघडा पडतो आणि पक्षी ठिपके होतात. पाणी चढायला लागलं की तेच त्यांना काठाकडे आणतं. भरतीआधीचे दोन-अडीच तास कामाचे. कोकणातला जुना हिशेब, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, इथे लागू पडतो. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. म्हणजे सकाळच्या तिरप्या उन्हात पाणी चढत असायला हवं तर शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांतल्या याच तिथी. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतो. तारीख यावरून काढा आणि वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून पक्की करा. साडेनऊनंतर चिखलावरची हवा थरथरते, आणि लेन्स जितकी खाली तितकी ती जास्त दिसते. त्यावर कुठल्याही बीनबॅगचा इलाज नाही, सामान आवरा.

भरती पूर्ण झाल्यावर उरलेल्या तुकड्यावर पक्षी दाटीनं विसावतात, तेव्हा तिकडे सरकू नका, आणि उडतानाच्या फोटोसाठी नाव थव्यात घालू देऊ नका. पुढच्या स्थलांतरासाठी साठवलेली चरबी त्या एकेका उड्डाणात खर्च होते.

नोव्हेंबरात चार तारे दिले होते, मार्चमध्ये दोनवर आणले. चेन आणि आतली पिशवी बदलल्यावर तीन. गोड्या पाण्यावरच जाणार असाल तर चार समजा आणि घ्या. खाडीवर जाणार असाल तर बॅग घरी आली की आधी चेन बदलून घ्या, मगच दाणे भरा.